बारीक दाण्याची कृष्णधवल फिल्म उन्हाळ्यात घरी धुताना

प्रश्न (सोलापूर)

नमस्कार. गेल्या दीड वर्षापासून मी ३५ मिलिमीटरचे कृष्णधवल रोल घरीच धुते, म्हणजे डेव्हलप करते. आमच्या भागातल्या जुन्या चाळी, हातमागाच्या खोल्या आणि सिद्धेश्वर तलावाचा परिसर यांची छायाचित्रे मी जमा करत आहे आणि त्यांतली निवडक छायाचित्रे १२ बाय १६ इंचांवर छापून घेण्याचा विचार आहे. एवढ्या आकारात दाणा, म्हणजे प्रतिमेतली बारीक ठिपक्यांची खरखर, डोळ्यांत खुपू नये म्हणून मी मुद्दाम इलफर्डची एफपी४ प्लस, म्हणजे १२५ आयएसओची फिल्म निवडली.

हिवाळ्यात धुतलेले रोल मनासारखे आले. एप्रिल आणि मे महिन्यांत धुतलेल्या चार रोलांमध्ये मात्र आकाशावर आणि चुना दिलेल्या भिंतींवर वाळू पसरल्यासारखा दाणा दिसतो. निगेटिव्ह वर्तमानपत्रावर ठेवली तर भिंतींचा भाग इतका काळा आहे की त्यातून खालची अक्षरे वाचता येत नाहीत.

माझी पद्धत अशी आहे. डेव्हलपर, म्हणजे प्रतिमा उमटवणारे द्रावण, आयडी-११, पाणी न मिसळता, साडेआठ मिनिटे. नळाचे पाणी ३० अंशांच्या वर असते, म्हणून डेव्हलपरची बाटली थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवते आणि ती २७ अंशांवर आली की काम सुरू करते. फिक्सर, म्हणजे प्रतिमा पक्की करणारे द्रावण, खोलीच्या तापमानाचाच असतो आणि शेवटची धुलाई थेट नळाखाली करते. सावलीतले तपशील हातचे जाऊ नयेत म्हणून फोटो घेताना एक स्टॉप प्रकाश जास्त, म्हणजे दुप्पट, देते.

मी पर्सेप्टॉलसारखा खास बारीक दाण्याचा डेव्हलपर घ्यावा, की फिल्मच बदलून इलफर्डचीच बारीक दाण्याची पॅन एफ प्लस वापरावी? दोन्हींचा खर्च माझ्या दृष्टीने मोठा आहे, म्हणून आधी विचारत आहे.

उत्तर (पुणे)

ताई, आपण पद्धत आणि आकडे सविस्तर दिले आहेत, त्यामुळे दोष कुठे आहे हे बऱ्याच खात्रीने सांगता येते. आपला डेव्हलपर बदलण्याची गरज नाही आणि फिल्मही बदलण्याची गरज नाही. आपले चारही रोल प्रमाणाबाहेर धुतले गेले आहेत.

एफपी४ प्लससाठी आयडी-११ चा साडेआठ मिनिटांचा वेळ हा २० अंशांसाठी दिलेला आहे. तापमान एका अंशाने वाढले की वेळ साधारण आठ टक्क्यांनी कमी करावा लागतो आणि ही घट प्रत्येक अंशाला साठत जाते. या हिशेबाने २७ अंशांना आपल्याला पावणेपाच मिनिटांच्या आसपास थांबायला हवे होते. आपण साडेआठ मिनिटे थांबलात, म्हणजे २० अंशांना जवळजवळ १५ मिनिटे धुतल्यासारखा परिणाम झाला. त्यावर एक स्टॉप जास्त प्रकाशही दिलेला होता. कृष्णधवल फिल्ममध्ये चांदीचा थर जितका दाट, तितके चांदीचे कण एकमेकांवर येऊन गठ्ठे दिसतात आणि आपण ज्याला दाणा म्हणतो तो बहुतांशी या गठ्ठ्यांचाच असतो. तो आकाशात आणि भिंतीत आधी दिसतो, कारण तिथे एकसारखा करडा रंग असतो आणि डोळ्याला दुसरे काही पाहायला नसते. हातमागाच्या खोलीतल्या गुंतागुंतीच्या भागांत तोच दाणा असूनही लपतो.

आता २७ अंशांना पावणेपाच मिनिटे धुवावे का, तर तेही करू नये. पाच मिनिटांपेक्षा कमी वेळात डेव्हलपर फिल्मवर सगळीकडे सारखा पोहोचत नाही आणि आकाशात पट्टे उमटतात. म्हणून दोन गोष्टी एकत्र करा. तापमान २४ अंशांवर आणा आणि आयडी-११ मध्ये तेवढेच पाणी मिसळून वापरा. या मिश्रणाचा २० अंशांचा वेळ ११ मिनिटे आहे, तो २४ अंशांना साधारण ८ मिनिटांवर येतो. एवढ्या वेळात चूक सावरायला जागा राहते. पहिला रोल महत्त्वाचा नसावा, आणि त्यावर भिंतीचा काळा भाग वर्तमानपत्राची अक्षरे दाखवील इतपत आला की वेळ पक्का धरा.

बाटली फ्रीजमध्ये ठेवण्याची पद्धत सोडून द्या, कारण फिल्म धुण्याच्या टँकमध्ये ओतल्यावर गरम टँक, फिल्म गुंडाळलेले गरम रीळ आणि भोवतीची हवा तो गारवा दोन-तीन मिनिटांत खाऊन टाकतात. त्याऐवजी मोठ्या टबात १० लिटर पाणी घ्या आणि डेव्हलपर, त्याचे काम थांबवणारे स्टॉप बाथ, फिक्सर, धुण्याच्या पाण्याच्या बाटल्या आणि फिल्म भरलेला टँक हे सगळे त्यात अर्धा तास ठेवा. ३० अंशांचे १० लिटर पाणी २० अंशांवर आणायला साधारण १ किलो बर्फ लागतो. आपल्याला २४ अंशच हवे असल्याने आणि बाटल्याही गार करायच्या असल्याने पाऊण किलोपासून सुरुवात करा. बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टाका, म्हणजे हवे तेव्हा पिशवी बाहेर काढता येते. थर्मामीटर डेव्हलपरच्या बाटलीत घाला, कारण टबातले पाणी आधी गार होते आणि बाटलीतले मागाहून.

धुण्याच्या पाण्याचे महत्त्व कमी समजू नका. डेव्हलपर २४ अंशांचा आणि नळ ३२ अंशांचा, असा धक्का जिलेटिनला बसला तर ते फुगते आणि मऊ पडते. मऊ जिलेटिनवर नखाचाही ओरखडा उठतो. तापमानातला फरक फार मोठा असला तर थराला जाळीसारख्या सुरकुत्या पडतात. आजच्या फिल्मचा थर पूर्वीपेक्षा टणक असल्याने हे सहसा घडत नाही, पण सगळी द्रावणे एकमेकांपासून पाच अंशांच्या आत ठेवणे ही शिस्त पाळावी.

प्रकाशमापनाविषयी एवढेच सांगतो की एक स्टॉप जास्त देण्याची सवय सोडा. जिथे सावलीत खरोखर तपशील हवा असेल तिथे सावलीचेच माप घ्या आणि बाकी ठिकाणी १२५ वर विश्वास ठेवा.

उत्तर (नाशिक)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मात्र पर्सेप्टॉलविषयीचा प्रश्न तसाच राहू नये, म्हणून लिहीत आहे. मी १९७८ पासून डार्करूममध्ये काम केले. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ हा माल आमच्या हातांखालून भरपूर गेला आहे. स्टुडिओच्या मागच्या खोलीत वाळूत रोवलेला एक रांजण असे आणि मे महिन्यात डेव्हलपरची बरणी त्यातच बुडवून ठेवलेली असे. बर्फ महाग होता आणि दुपारी मिळतही नसे.

बारीक दाण्याचे मर्म सोडियम सल्फाइटमध्ये आहे. कोडॅकचा डी-७६ हा डेव्हलपर १९२७ पासून बाजारात आहे आणि आपला आयडी-११ त्याचाच भाऊ आहे. एका लिटरमध्ये प्रतिमा उमटवणारे मेटॉल २ ग्रॅम आणि हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, टाकणखार २ ग्रॅम आणि सल्फाइट तब्बल १०० ग्रॅम, असे त्याचे प्रमाण आहे. सल्फाइटचे मूळ काम डेव्हलपरला हवेपासून वाचवणे हे, पण त्यासाठी एवढे लागत नाही. एवढ्या प्रमाणात घातले की ते चांदीच्या क्षारांच्या कडा किंचित विरघळवते आणि विरघळलेली चांदी पुन्हा कणांवर बसते. त्यामुळे कणांची टोके बोथट होतात आणि दाणा मऊ दिसतो. पर्सेप्टॉल हेच काम आणखी जोराने करतो, पण त्याची किंमत म्हणून फिल्मचा वेग अंदाजे एक स्टॉपने घटतो. म्हणजे आपली १२५ ची फिल्म ६४ च्या आसपास धरावी लागेल. भर उन्हात ते परवडते, पण हातमागाच्या अंधाऱ्या खोलीत परवडणार नाही.

कमी खर्चात हाच मार्ग चोखाळायचा असेल तर डी-२३ घरी बनवा. हे सूत्र १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यात दोनच पदार्थ आहेत. एका लिटरला मेटॉल ७.५ ग्रॅम आणि निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम. साधारण ५० अंशांच्या ७५० मिलिलिटर पाण्यात आधी सल्फाइटची एक चिमूट टाका, मग मेटॉल पूर्ण विरघळू द्या आणि त्यानंतर उरलेले सल्फाइट थोडेथोडे घालून शेवटी थंड पाण्याने लिटर पुरा करा. हा क्रम उलटवू नका, कारण सल्फाइटच्या दाट द्रावणात मेटॉल विरघळत नाही. चिमूट आधी टाकायची ती मेटॉल पाण्यात पडल्यापडल्या काळवंडू नये म्हणून. डी-२३ हा सौम्य डेव्हलपर आहे. चुन्याची भिंत आणि वळचणीची सावली एकाच चौकटीत असेल तेव्हा तो भिंतीला आवरून धरतो, आणि आपल्या दुपारच्या उन्हासाठी मला तो फार आवडतो. त्याहून बारीक दाणा हवा असेल तर त्याच लिटरात सोडियम बायसल्फाइट १५ ग्रॅम घालून डी-२५ बनतो. तो बराच मंद असल्याने २५ अंशांनाही वेळ फार आखूड होत नाही, आणि उष्ण प्रदेशात हा त्याचा मोठा गुण आहे.

मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटवर हे पदार्थ मिळतात. दुकानात चिठ्ठी लिहून द्या आणि पुडीवरचे नाव स्वतः वाचा. सल्फाइट, सल्फेट आणि थायोसल्फेट हे तीन निरनिराळे पदार्थ आहेत आणि तोंडी सांगितल्यावर त्यांची अदलाबदल होते. मला एकदा सल्फाइटऐवजी सल्फेट मिळाले होते आणि एका लग्नाचे दोन रोल त्यात गेले. त्या घरच्यांपुढे उभे राहून ते सांगणे मला आजही आठवते. सल्फाइटची जुनी, दमट पुडीही घेऊ नका, कारण हवा लागून त्याचे हळूहळू सल्फेटच होत असते. मेटॉल हाताळताना हातमोजे घाला. काहींच्या त्वचेला त्याने कायमची खाज जडते.

उत्तर (पुणे)

काकांनी दिलेली माहिती मोलाची आहे, पण एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. सल्फाइट जसा दाणा मऊ करते तशाच प्रतिमेच्या कडाही मऊ करते. १०० ग्रॅमचे द्रावण निम्मे पातळ केले की सल्फाइट ५० ग्रॅमवर येते, दाणा अगदी किंचित वाढतो, पण मागाचे सूत आणि विटांच्या कडा ठसठशीत येतात. १२ बाय १६ इंचांच्या छायाचित्राकडे आपण हातभर अंतरावरून पाहतो आणि त्या अंतरावरून कडांचा ठसठशीतपणा दाण्याआधी जाणवतो. म्हणून एफपी४ साठी मी पर्सेप्टॉल किंवा डी-२५ कडे वळणार नाही. पातळ केलेला डेव्हलपर मात्र एकदाच वापरून टाकून द्यावा आणि टँकमध्ये तो पुरेसा असावा. ३५ मिलिमीटरच्या एका रोलला पॅटरसनच्या टँकमध्ये २९० मिलिलिटर द्रावण बुडण्यापुरते होते, पण पातळ द्रावणात तेवढ्याने डेव्हलपरची ताकद कमी पडू शकते. मी दोन रिळांचा टँक घेतो, एक रीळ रिकामे ठेवतो आणि ६०० मिलिलिटर भरतो.

आपण निगेटिव्ह स्कॅन करत असाल तर दाणा कागदावर किंवा भिंगातून तपासून पाहा. साध्या स्कॅनरची बारकावे टिपण्याची क्षमता दाण्याच्या आकाराशी नीट जुळली नाही की दाणा प्रत्यक्षाहून मोठा आणि खरखरीत दिसतो, आणि त्यावर संगणकाने धार चढवली की आकाशाची वाळू होते. आपल्या बाबतीत निगेटिव्ह खरोखरच काळी आहे, तेव्हा सगळा दोष स्कॅनरचा नाही, पण त्याचाही वाटा असणार.

उत्तर (चिपळूण)

सोलापूर आणि नाशिकच्या कोरड्या हवेत रांजण किंवा माठ उत्तम काम देतो, कारण पाझरलेले पाणी झपाट्याने वाळते आणि आतले पाणी गार होते. हे कोकणातल्या वाचकांनी वाचून माठ आणू नये, म्हणून लिहितो. आमच्याकडे मे महिन्यात हवाच ओली असते आणि माठातले पाणी जेमतेम २७-२८ अंशांपर्यंत उतरते. इथे बर्फाला पर्याय नाही.

पॅन एफ प्लसविषयी एक गोष्ट जाणून घ्या. तिचा दाणा फारच बारीक आहे, पण फोटो काढल्यानंतर फिल्मवरची न धुतलेली प्रतिमा इतर फिल्मपेक्षा लवकर फिकी होते. स्वतः इलफर्डच ती तीन महिन्यांच्या आत धुण्याची शिफारस करते. ज्यांना चार-पाच रोल साठवून मग एकदम धुण्याची सवय आहे त्यांनी, विशेषतः गरम घरात, या फिल्मपासून दूर राहावे. शिवाय ५० आयएसओवर घरातली छायाचित्रे तिवईशिवाय कठीण. इलफर्डची डेल्टा १०० किंवा कोडॅकची टी-मॅक्स १०० हा मधला मार्ग आहे. त्यांतले चांदीचे कण चपट्या चकत्यांसारखे असतात, त्यामुळे १०० आयएसओ असूनही दाणा एफपी४ पेक्षा बारीक दिसतो. या फिल्म वेळेच्या आणि तापमानाच्या चुका मात्र एफपी४ इतक्या सहजतेने पोटात घालत नाहीत आणि त्यांना फिक्सरही अधिक वेळ लागतो. टी-मॅक्स धुऊन झाल्यावर गुलाबी राहिली तर फिक्सर कमी पडला असे समजावे.

पावसाळ्यात रीळ भरण्याआधी प्लास्टिकचे रीळ पंख्याखाली पूर्ण कोरडे करा. चेंजिंग बॅगमध्ये, म्हणजे फिल्म भरण्याच्या प्रकाशबंद पिशवीत, हाताला घाम सुटला की फिल्म रिळात अर्ध्यावर अडकते आणि तिथे जोर केला की चंद्रकोरीसारखे डाग उमटतात. अशा वेळी फिल्म झाकणबंद टँकमध्ये सुरक्षित ठेवून हात बाहेर काढावेत, पुसावेत आणि पुन्हा सुरुवात करावी. धुतलेल्या निगेटिव्ह आम्ही सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो, नाहीतर दोन पावसाळ्यांत जिलेटिनवर बुरशी धरते.

प्रश्नकर्ती (सोलापूर)

सर्वांचे मनापासून आभार. काल तलावाकाठचा एक साधा रोल १२५ वरच काढला आणि पुण्याच्या सरांनी सांगितल्याप्रमाणे टबात पाऊण किलो बर्फ टाकून २४ अंशांना, निम्मे पाणी मिसळलेल्या आयडी-११ मध्ये ८ मिनिटे धुतला. डेव्हलपर ओतताना २४ अंश होता आणि काढताना २४.५. निगेटिव्ह हिवाळ्यातल्यासारखी आली आहे. भिंतीतून वर्तमानपत्राची अक्षरे वाचता येतात आणि भिंगातून आकाश पाहिले तर दाणा आहे, पण तो शांत आहे. ते पाहून खरोखर डोळ्यांत पाणी आले, कारण त्या चाळींपैकी दोन आता पाडल्या जाणार आहेत आणि उरलेले रोल मला याच उन्हाळ्यात धुवायचे आहेत.

दोन अडचणी राहिल्या आहेत. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे वाहत्या पाण्याखाली अर्धा तास धुणे मला मनाला पटत नाही. दुसरे असे की वाळल्यावर फिल्मवर पांढुरके ठिपके राहतात आणि ते नेमके आकाशातच दिसतात.

उत्तर (नाशिक)

पोरी, वाचून फार आनंद झाला. वाहते पाणी लागतच नाही. फिक्सर काढल्यावर टँक टबातल्याच पाण्याने भरा, पाच वेळा उलटसुलट करा आणि पाणी ओता. पुन्हा भरा, दहा वेळा करा आणि ओता. तिसऱ्यांदा भरून वीस वेळा करा. ही इलफर्डनेच सांगितलेली रीत आहे आणि ती टणक करणारी तुरटी नसलेल्या फिक्सरसाठी पुरेशी आहे. दीड-पावणेदोन लिटर पाण्यात काम होते. माझ्या समाधानासाठी मी चौथ्यांदाही भरतो, पण तशी आवश्यकता नाही.

ठिपके पाण्यातल्या क्षारांचे आहेत. बॅटरीसाठी म्हणून मिळणारे पाणी घेऊ नका. औषधाच्या किंवा रसायनांच्या दुकानातून डिस्टिल्ड पाण्याचा एक कॅन आणा आणि शेवटची बुडी त्याचीच द्या. त्यात फिल्मसाठी मिळणाऱ्या वेटिंग एजंटचे, म्हणजे पाणी थेंबांत न साचता निथळू देणाऱ्या द्रवाचे, मोजकेच थेंब, बाटलीवर लिहिले असेल तेवढेच टाका. जास्त टाकले तर त्याचेच डाग पडतात. फिल्म बोटांनी किंवा रबराच्या चिमट्याने निपटू नका, कारण आपल्याकडच्या धुळीचा एक कण त्यात अडकला की पूर्ण रोलभर सरळ रेघ जाते. न्हाणीघरात आधी पाणी शिंपडून धूळ बसू द्या, पंखा बंद ठेवा, फिल्म थोडी तिरकी टांगा आणि खालच्या टोकाला चिमटा लावा, म्हणजे थेंब कडेने निथळतात.

कालच्या रोलावरचे ठिपकेही जातील. ते चकचकीत बाजूला असतील तर डिस्टिल्ड पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने हलके पुसा. मंद, म्हणजे जिलेटिनच्या बाजूला असतील तर पुसू नका. तेवढे तुकडे दोन टक्के अॅसेटिक अॅसिडच्या द्रावणात दोन-तीन मिनिटे ठेवा, पुन्हा डिस्टिल्ड पाण्यातून काढा आणि वाळवा. द्रावण, पाणी आणि फिल्म तिन्ही एकाच तापमानाची असू द्या.